सीपॅपचं प्रेशर जुळवताना: आधी गळती, मग खालची मर्यादा, वरचा आकडा सगळ्यात शेवटी

“रोज मास्क लावून झोपतो, तरी सकाळी डोकं जडच.” सीपॅप (झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) वापरणाऱ्यांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचं उत्तरही ठरून गेलंय: प्रेशर कमी पडत असेल, वाढवून घ्या. बऱ्याचदा हे उत्तर चुकतं. मशीन पुरेशी हवा देत असतं, पण ती मास्कच्या कडेतून निसटते, किंवा घसा बंद पडतो त्या क्षणी पोचत नाही, चार मिनिटांनी पोचते. अशा वेळी वरचा आकडा, म्हणजे मशीन जास्तीत जास्त देईल तो दाब, वाढवला की गळती वाढते, पोट फुगतं, झोप मोडते आणि शेवटी मशीन कपाटात जातं. उपचार उपलब्ध असताना, मशीन घरात असताना माणूस पुन्हा रात्रभर गुदमरत झोपायला लागतो, याचं वाईट वाटतं. म्हणून कुठून सुरुवात करायची आणि काय सगळ्यात शेवटी हलवायचं, तो क्रम इथे नीट मांडतो.

कोणी स्वतःहून हात लावू नये

हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली असेल, सीओपीडीसारखा फुप्फुसाचा जुना आजार असेल, स्नायू दुर्बल करणारा आजार असेल, अफूवर्गातली वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या नियमित चालू असतील, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, चेहऱ्यावर, नाकावर किंवा कवटीच्या तळाशी नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर प्रेशरचा एकही बदल डॉक्टरांशिवाय करू नका. बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन) आणि एएसव्ही (प्रत्येक श्वासानुसार आधार कमी-जास्त करणारं मशीन) वापरणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या पालकांनाही हेच लागू आहे.

बाकीच्यांनीही प्रेशर बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांशी किंवा झोपेच्या तंत्रज्ञांशी बोलून घ्यावं. “मला खालची मर्यादा ४ वरून ६ करून बघायची आहे, हा माझा आठवड्याचा रिपोर्ट” असं सांगितलं तर बहुतेक डॉक्टर ऐकून घेतात. (खालची मर्यादा म्हणजे मशीन कमीत कमी देईल तो दाब.) अनेक मशीनचं सेटिंग त्यांना दुरूनही बदलता येतं. नुसतं “झोप लागत नाही” म्हटलं तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. रिपोर्ट वाचायला शिकण्याचा हा मोठा फायदा आहे.

प्रेशर नेमकं काय करतं

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात आणि श्वासाची वाट अरुंद होते किंवा मिटते. सीपॅप नाकावाटे हलका दाब देऊन ही वाट आतून उघडी धरतं. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय १९८१ मध्ये जगापुढे मांडला. मशीन कितीतरी बदलली, तत्त्व मात्र तेच आहे.

हा दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात. सीपॅप साधारण ४ ते २० सेंटिमीटरपर्यंत दाब देतं. १० सेंटिमीटर म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. मशीन फुप्फुसात हवा कोंबतं ही भीती त्यामुळे खरी नाही. पण घशासाठी एकेक सेंटिमीटर मोलाचा असतो. ८ वर मिटणारा घसा ९ वर उघडा राहू शकतो.

शिवाय लागणारा दाब रात्रभर सारखा नसतो. पाठीवर झोपलं की जीभ मागे पडते आणि दाब जास्त लागतो. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, स्नायू आणखी सैल होतात आणि ही झोप पहाटेकडे जास्त असते. त्या रात्री दारू घेतली असेल किंवा नाक चोंदलं असेल तरी गणित बदलतं. म्हणून एका रात्रीचा आकडा बघून काहीही ठरवू नका.

प्रयोगशाळेत प्रेशर कसं ठरवतात ते माहीत असेल तर घरी धीर धरता येतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी ४ पासून सुरुवात करतात. अडथळ्यामुळे श्वास दोनदा थांबला, तीनदा अर्धवट अडला किंवा तीन मिनिटं जोरात घोरणं झालं की किमान १ सेंटिमीटर वाढवतात आणि दोन वाढींमध्ये किमान पाच मिनिटं थांबतात. पाठीवर झोपलेलं असताना रेम झोपेतही श्वास सुरळीत राहिला तरच तो आकडा चांगला मानतात. समोर बसलेला तंत्रज्ञ मेंदूच्या लहरी, ऑक्सिजन, छातीची हालचाल सगळं बघत असतानाही एवढी सावकाशी पाळतो. घरी आपल्याकडे यातलं बहुतेक काहीच नसतं, मग एकदम ४ सेंटिमीटरची उडी कशाच्या जोरावर मारायची?

पहिली पायरी: एक आठवडा काहीही न बदलता

आत्ता जे सेटिंग आहे त्याचा फोटो काढून ठेवा: खालची मर्यादा, वरची मर्यादा, रॅम्प (झोप लागेपर्यंतचा कमी दाब), श्वास सोडताना मिळणारी सवलत, मास्कचा प्रकार, आर्द्रता. मग सात रात्री तसंच झोपा.

मशीनमध्ये मेमरी कार्ड चालत असेल तर ते घालून ठेवा. मशीनच्या पडद्यावर फक्त सरासरी दिसते, कार्डावर प्रत्येक श्वासाची नोंद असते. ती वाचायला ‘ऑस्कर’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेता येतं. कार्ड संगणकात घालण्याआधी त्याच्या कडेची छोटी खिट्टी लॉककडे सरकवा, म्हणजे संगणक त्यावर काही लिहीत नाही.

रोज सकाळी वहीत दोन ओळी लिहा: किती वाजता झोपलो, रात्री किती वेळा जाग आली, तोंड कोरडं होतं का, पोट फुगलं होतं का, दुपारी डोळे मिटत होते का. या दोन ओळी आलेखाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

सगळ्यांची नजर एएचआयवर जाते. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा निम्मा-अर्धा अडला, त्याची ही सरासरी. उपचाराविना तपासणीत ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र ॲप्निया समजतात. मशीन लावल्यावर हा आकडा ५ च्या खाली यावा असं उद्दिष्ट असतं.

पण नुसता एएचआय अर्धवट माहिती देतो. तो कशाचा बनलाय ते उघडून बघा. अडथळ्याचे ॲप्निया म्हणजे घसा मिटला. हायपॉप्निया म्हणजे हवा पूर्ण थांबली नाही, पण बरीच कमी झाली. सेंट्रल किंवा ‘क्लिअर एअरवे’ म्हणजे वाट उघडी होती, पण मेंदूनेच श्वास घेण्याची आज्ञा दिली नाही. हा फरक ओळखायला मशीन श्वास थांबलेला असताना दाबाचे बारीक हेलकावे पाठवून वाट उघडी आहे का ते तपासतं. पहिल्या दोन प्रकारांना दाब वाढवून फायदा होऊ शकतो, तिसऱ्याला होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. म्हणून “माझा एएचआय ८ आहे, किती वाढवू?” या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्या ८ मध्ये कशाचा वाटा किती, हे कळलं पाहिजे.

आणखी एक. मशीनला तुम्ही झोपलात की जागे आहात हे कळत नाही. कूस बदलताना आपण श्वास रोखतो, उसासा टाकतो, तेही कधीकधी सेंट्रल म्हणून नोंदलं जातं. पहाटे तासभर जागे लोळत पडलात तर तेवढ्या तासाच्या नोंदी बाजूला ठेवा.

यानंतर दोन आकडे: मध्यक प्रेशर (अर्धा वेळ दाब याच्या खाली, अर्धा वेळ वर) आणि ९५ टक्क्यांचं प्रेशर. दुसऱ्याचा अर्थ असा की रात्रीच्या ९५ टक्के वेळ दाब त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी होता. फिलिप्सची मशीन ९० टक्क्यांचा आकडा दाखवतात.

दुसरी पायरी: गळती

इथे घाई करू नका. माझ्या मते अर्धी कामं इथेच मार्गी लागतात.

मास्कला मुद्दाम ठेवलेली छिद्रं असतात, त्यातून उच्छ्वासाची हवा बाहेर जायलाच हवी. ती कधीही बुजवू नका. प्रश्न असतो त्याखेरीज होणाऱ्या गळतीचा. रेसमेड कंपनीची मशीन फक्त ही नको असलेली गळती दाखवतात आणि मिनिटाला २४ लिटरच्या वर गेली की ती जास्त मानतात. फिलिप्सच्या मशीनमध्ये छिद्रांतली हवाही धरून एकूण आकडा दिसतो, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. गळती मोठी असली की दाब टिकत नाही, शिवाय श्वासाच्या नोंदीही बिघडतात. त्या रात्रीच्या एएचआयवर विश्वास ठेवता येत नाही, मग तो कमी असो वा जास्त.

गळतीच्या आलेखाचा आकार बघा. रेघ एकदम वर जाऊन बराच वेळ पठारासारखी सपाट राहिली, तर मास्क सरकलाय. दाते-दाते दिसत असतील, तर प्रत्येक उच्छ्वासाला तोंडातून हवा जातेय. दाब वाढतो तेव्हाच गळती वाढत असेल, तर मास्कची उशी (चेहऱ्याला टेकणारी मऊ कड) मोठ्या दाबाला टिकत नाही.

मास्क बसवायची पद्धत बदला. बसून, मशीन बंद असताना पट्टे आवळून उपयोग नाही. नेहमीच्या कुशीवर आडवे व्हा, मशीन सुरू करा, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचला, म्हणजे उशीत हवा भरेल, आणि अलगद टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी थोडे थोडे ओढा. पट्टा फार घट्ट झाला की उशी दबून दुमडते आणि जास्त गळते. सकाळी गालावर खोल वळ उठत असतील तर समजा की पट्टे गरजेपेक्षा घट्ट आहेत. चेहरा झोपण्याआधी धुवा, तेलकट क्रीम लावू नका, मास्कची उशी रोज पुसा. सिलिकॉनची उशी काही महिन्यांनी मऊ पडते, तेव्हा ती बदलावीच लागते.

नाकाचा मास्क असून तोंड उघडं पडत असेल तर आधी नाक मोकळं होतं का ते बघा. आर्द्रता वाढवून, मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याने, गरज पडल्यास डॉक्टरांच्या औषधाने. तरीही जमलं नाही तर हनुवटीचा पट्टा किंवा पूर्ण चेहऱ्याचा मास्क. मास्कचा प्रकार बदललात की मशीनमधलं मास्कचं सेटिंगही बदला. हे अनेकजण विसरतात आणि मशीन चुकीचा हिशोब करत राहतं.

तिसरी पायरी: रॅम्प आणि उच्छ्वासाची सवलत

रॅम्प म्हणजे झोप लागेपर्यंत कमी दाबाने सुरुवात. कारखान्यातून येणारं सेटिंग बहुधा ४ असतं. अनेक प्रौढांना ४ वर हवा पुरत नाही, छातीत कोंडल्यासारखं होतं आणि ते मास्क ओढून काढतात. त्यांना वाटतं दाब जास्त आहे, प्रत्यक्षात कमी असतो. रॅम्पची सुरुवात ६ च्या आसपास करून बघा. वेळही जरूर असेल तेवढीच ठेवा. पंचेचाळीस मिनिटांचा रॅम्प लावला आणि दहा मिनिटांत झोप लागली, तर उरलेला वेळ घसा पुरेशा आधाराविना राहतो. झोप लागल्याचं ओळखून दाब वाढवणारा ऑटो रॅम्प असेल तर तोच बरा.

श्वास सोडताना दाब थोडा कमी करण्याच्या सोयीला रेसमेडमध्ये ईपीआर म्हणतात, त्याच्या १, २, ३ अशा पातळ्या असतात. पातळी ३ वर उच्छ्वासात दाब ३ सेंटिमीटरने उतरतो. आरामासाठी ही चांगली सोय आहे. पण घसा बऱ्याचदा उच्छ्वासाच्या शेवटीच मिटायला लागतो, आणि नेमका तेव्हाच आधार कमी होतो. म्हणून ईपीआर वाढवल्यावर हायपॉप्निया वाढले, तर खालची मर्यादा थोडी वर न्यावी लागते. शिवाय दाब ४ च्या खाली जात नाही, त्यामुळे ५ वर ईपीआर ३ ठेवलं तरी प्रत्यक्षात १ चाच फरक पडतो. पूर्ण सवलत मिळायला दाब किमान ७ हवा.

चौथी पायरी: खालची मर्यादा

ऑटो मशीन, म्हणजे दोन मर्यादांमध्ये दाब स्वतः कमी-जास्त करणारं, ४ ते २० वर सोडून दिलेलं असतं. दिसायला सोयीचं, कारण मशीन हवा तेवढा दाब शोधून घेईल असं वाटतं. पण मशीन मुख्यतः घडून गेलेल्या गोष्टीला उत्तर देतं. घोरणं, अरुंद झालेला प्रवाह, थांबलेला श्वास दिसला की ते दाब हळूहळू चढवतं, सगळं शांत झालं की पुन्हा उतरवतं.

एक नमुन्याचा रिपोर्ट घेऊ. मर्यादा ४ ते २०, ईपीआर बंद, गळती ९५ टक्के वेळ ८ लिटरच्या आत, म्हणजे उत्तम. मध्यक प्रेशर ८.१, ९५ टक्क्यांचं ११.२. एएचआय ७.२, त्यात अडथळ्याचे ५.१, हायपॉप्निया १.८, सेंट्रल ०.३. आता रात्रीचा आलेख उघडू. पावणेदोनला दाब ५ वर आहे. श्वास थांबतो, तेवीस सेकंद. मशीन ६ वर जातं. पुन्हा थांबतो, एकोणीस सेकंद. ७. पुन्हा. दाब ९.५ वर पोचतो तेव्हा श्वासाची रेघ एकसारखी होते. पंचवीस मिनिटं सगळं शांत, मशीन दाब उतरवत ६ वर येतं, आणि पुन्हा तीच माळ सुरू होते. पहाटे चारनंतर अशा माळा दाट होतात.

इथे वरची मर्यादा २० वरून २५ करता आली असती तरी काही फरक पडला नसता, कारण दाब १२ च्या वर क्वचितच गेलाय. अडचण अशी की घसा मिटतो तेव्हा मशीन फार खाली असतं. म्हणून खालची मर्यादा ४ वरून ६ करायची, आठवडा बघायचं. अडथळ्याचे ॲप्निया उतरले पण अजून माळा दिसतात, तर ७. मग ७.५ किंवा ८. ती मध्यकाच्या आसपास, आणि ९५ टक्क्यांच्या आकड्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने खाली असली की बहुतेकांना फरक जाणवतो. एकूण एएचआय ५ च्या खाली आला आणि सकाळ हलकी वाटू लागली की तिथेच थांबा. तो शून्यावर आणायच्या नादात झोप बिघडवून घेऊ नका.

एका वेळी एकच बदल, अर्धा ते एक सेंटिमीटरचा, आणि त्यानंतर किमान पाच-सात रात्री काहीही हलवायचं नाही. अगदी ४ पासून सुरुवात असेल तर पहिलं पाऊल दोनचं चालतं. मर्यादा, ईपीआर आणि मास्क एकाच रात्री बदलले तर फायदा कशाने झाला हे कधीच कळणार नाही.

एकच दाब ठेवणारं साधं सीपॅप असेल तरी नियम तेच. फक्त तिथे मर्यादांऐवजी तो एकच आकडा असतो आणि तो डॉक्टरांच्या सल्ल्याने अर्ध्या सेंटिमीटरने हलवतात.

वरची मर्यादा कधी

९५ टक्क्यांचं प्रेशर वरच्या मर्यादेला टेकलंय, गळती नाही आणि अडथळ्याचे ॲप्निया उरलेत, तेव्हाच ती वाढवायची. १५ च्या पुढे जावं लागत असेल आणि श्वास सोडणं जड जात असेल तर बायपॅपचा विचार डॉक्टर करतात.

उलट दिशेनेही कारणं असतात. पोटात हवा जाऊन सकाळी ढेकर आणि फुगवटा येत असेल, किंवा ठरावीक दाबानंतर मास्क उडतच असेल, तर वरची मर्यादा एकेक सेंटिमीटरने खाली आणून बघता येते. पोट फुगण्यावर ईपीआर वाढवणं, डोक्याकडची बाजू उंच करणं आणि ॲसिडिटीवर उपचार करणं यांचाही उपयोग होतो. पाठीवर झोपण्यामुळेच दाब वर जात असेल तर कुशीवर झोपण्याची सवय लावून घेणं हा सगळ्यात सोपा मार्ग. मान छातीकडे झुकत असेल तर डोक्याखालची उशी पातळ करा. हनुवटी खाली दबल्यामुळे मिटलेली वाट कितीही दाबाने नीट उघडत नाही.

सेंट्रल वाढले तर

उपचार सुरू केल्यावर काहीजणांमध्ये सेंट्रल ॲप्निया नव्याने दिसतात. पुष्कळांचे ते काही आठवड्यांत ते काही महिन्यांत आपोआप ओसरतात. पण दाब वाढवल्यावर ते वाढले असतील तर आधीच्या सेटिंगवर परत या. ते तासाला ५ च्या वर टिकून राहिले, किंवा आलेखात श्वास लाटेसारखा चढत-उतरत थांबताना दिसला, तर पुढचे प्रयोग थांबवा आणि तो आलेख डॉक्टरांना दाखवा. यामागे हृदयाचा प्रश्न असू शकतो. एएसव्ही मशीन स्वतःच्या मनाने आणू नका. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ चाचणीत, हृदयाची पंपिंगची ताकद ४५ टक्के किंवा कमी असलेल्या आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्या रुग्णांमध्ये एएसव्हीमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

आकडे चांगले, तरी थकवा

एएचआय २ आणि तरी दुपारी डोळे मिटतात, असंही होतं. पहिल्यांदा वापराचे तास बघा. मशीन चार तास लावून पुढे तीन तास तसंच झोपलात, तर त्या तीन तासांचा हिशोब एएचआयमध्ये नाहीच, आणि पहाटेची रेम झोप नेमकी तिथे असते. मग प्रवाहाचा आलेख मोठा करून पाहा. श्वास घेतानाची रेघ वरून गोल असायला हवी. ती सपाट किंवा खाचेची दिसत असेल तर वाट अरुंद आहे, श्वास थांबत नसला तरी कष्टाने चाललाय आणि मेंदू अर्धवट जागा होतोय. अशा वेळी खालची मर्यादा आणखी अर्धा सेंटिमीटर वर नेल्याने फायदा होऊ शकतो. तिथेही काही नसेल तर थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, चालू औषधं, नैराश्य आणि एकूण झोपेचे तास तपासून घ्या. मशीन ऑक्सिजन मोजत नाही, त्यामुळे शंका असेल तर डॉक्टर रात्रभर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर देऊ शकतात. आणि दिवसा झोप अनावर होत असेल तोवर गाडी चालवू नका.

सेटिंग एकदा जमलं की महिन्यातून एकदा रिपोर्ट बघणं पुरे. वजन १० टक्क्यांच्या आसपास वाढलं किंवा उतरलं, नवीन झोपेचं किंवा वेदनेचं औषध सुरू झालं, नाकाची किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली, मास्क बदलला किंवा घोरणं पुन्हा ऐकू येऊ लागलं, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून: सेटिंगचा फोटो, सात रात्री, आणि सगळ्यात आधी गळतीचा आलेख.